पुणे मेट्रो : स्टेशनच्या आत साडेचार स्टार, जिना उतरलं की दीड

गाडीबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, एसी गार आहे, डबे चकाचक आहेत, रील छान होतात वगैरे, ते सगळं खरंच आहे त्यामुळे त्यावर मी फार वेळ घालवत नाही. मी कोथरूडची, ऑफिस कल्याणीनगरला, म्हणजे वनाझ ते रामवाडी ही अ‍ॅक्वा लाइन जणू माझ्यासाठीच आखलीये. ऑगस्ट २०२३ ला गरवारेच्या पुढे रूबी हॉलपर्यंत गेली तेव्हा अर्धी सोय झाली आणि ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंतचा तुकडा सुरू झाला तेव्हापासून माझी अ‍ॅक्टिव्हा पार्किंगमध्ये धूळ खात उभी असते, मेकॅनिक म्हणतो मॅडम निदान रविवारी तरी चालू करत जा, बॅटरी उतरते.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खूप आहे. कर्वे रोड, डेक्कन, मग तो पुणे रेल्वे स्टेशनचा परिसर, मग बंडगार्डन असा जो रस्ता आहे तो संध्याकाळी साडेसहाला गाडीवरून काढून दाखवा आणि मग माझ्याशी बोला. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या संथ ट्रॅफिकच्या यादीत पुणं जगात चौथं आलं होतं, दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं, आणि ही सरासरी आहे बरं का, पाऊस आणि लग्नाची तिथ एकाच दिवशी आली की काय होतं ते आपल्याला माहितीये. मेट्रोत वनाझहून बसलं की डोक्यात हिशोब करायची गरजच पडत नाही, किती वाजता पोचणार ते माहीत असतं, आणि रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला एसीपेक्षा याची किंमत जास्त असते. तिकीट दहापासून पस्तीसपर्यंत, व्हॉट्सअ‍ॅपवर निघतं, मशीनवर यूपीआय चालतं, एक पुणे कार्ड असेल तर तेही नको. शनिवार-रविवार ३० टक्के सूट आणि विद्यार्थ्यांना रोजच. गर्दीच्या वेळी गाडी सहा-सात मिनिटांनी येते. गाडी तीनच डब्यांची आहे आणि सकाळी नऊला ते जाणवायला लागलंय, पण पीएमपीच्या सिटी बसच्या दारात लोंबकळलेल्या माणसाला ती गर्दी गर्दी वाटणार नाही.

डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्टेशनांवर मावळी पगडीचा आकार केलाय, त्यावरून बरीच टिंगल झाली, मला तो आवडतो. आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की या पट्ट्यात गाडी मुठेच्या काठाकाठाने जाते तेव्हा सगळा डबा फोनमधून मान वर काढतो. भिडे पूल पाण्याखाली गेलाय का हे बघायला पूर्वी लोक छत्र्या घेऊन नदीवर जायचे, आता खिडकीतून दिसतं. नदीतून मेट्रो नेण्यावरून हरित लवादात केस झाली होती तेही लक्षात आहे माझ्या, आणि ज्यांनी ती केस केली त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पूर आला की नदी आपली जागा मागतेच. पण आता खांब उभे आहेत आणि मी त्यावरून रोज जाते, काय बोलणार.

सिव्हिल कोर्टला दोन्ही लाइनी भेटतात. वरची आपली अ‍ॅक्वा आणि खाली पर्पल, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट. हे स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी, सरकते जिने संपता संपत नाहीत, पण वरून दिवसाचा उजेड खालपर्यंत येईल अशी रचना केलीये आणि ती खरंच बघण्यासारखी आहे. लाइन बदलायला जरा वेळ धरा, विशेषतः बरोबर वयस्कर माणूस असेल तर लिफ्ट शोधा, जिन्याच्या नादी लागू नका.

सुरक्षेबद्दल. स्टेशनच्या आत मला एकटीला रात्री साडेदहाला कधीच भीती वाटली नाही. बॅग मशीनमधून जाते, गार्ड असतात, कॅमेरे असतात, लख्ख उजेड असतो, आणि मुख्य म्हणजे इतर बायका असतात. हे शेवटचं फार महत्त्वाचंय, बाई एखादी जागा सुरक्षित आहे का हे तिथे बाकीच्या बायका निवांत उभ्या आहेत का यावरून ठरवते. जानेवारी २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट स्टेशनवर तीन वर्षांचं पोर खेळता खेळता रुळांवर पडलं आणि आईने मागोमाग उडी टाकली, समोरून गाडी येत होती, तिथल्या गार्डने इमर्जन्सीचं बटण दाबलं आणि गाडी अलीकडेच थांबली. दोघं सुखरूप. ती बटणं प्लॅटफॉर्मवर असतात, जाताना बघून ठेवा, उगाच दाबू नका. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी तर हात सोडूच नका, पिवळ्या पट्टीच्या पुढे रीलसाठी उभी राहणारी मंडळी बघून माझ्या पोटात गोळा येतो.

आता जिना उतरू.

माझ्या घरापासून स्टेशन दीड किलोमीटर. रिक्षाचं मीटर दीड किलोमीटरला २५ रुपये, हे सरकारी दर आहेत, २०२२ पासूनचे. प्रत्यक्षात काय होतं, तर रिक्षावाला आधी विचारतो कुठं, मग आकाशाकडे बघतो, मग म्हणतो ताई साठ होतील. म्हणलं मीटर टाका ना. "मीटरनी परवडत नाय ताई, तिकडून रिकामं यावं लागतं." म्हणजे मेट्रोने कोथरूडहून कल्याणीनगर स्वस्त आणि घरापासून मेट्रो महाग. फीडर बस आहेत, ज्या मार्गावर आहेत तिथल्या लोकांना विचारलं तर ते खूश असतात, पण सगळ्या गल्ल्यांना ते भाग्य नाही. स्कूटर न्यावी म्हणलं तर पार्किंग मोजक्याच स्टेशनांना, मग लोक आजूबाजूच्या सोसायट्यांच्या गेटसमोर लावतात, सोसायटीवाले हवा सोडतात, रोजची भांडणं.

मग चालत जा ना, असं आमच्या घरी सगळे सांगतात, जे स्वतः गाडीने फिरतात ते विशेषकरून. चालते मी. त्या दीड किलोमीटरचा फूटपाथ कसाय ते सांगते. सुरुवातीचा तुकडा चांगला, नवे ब्लॉक बसवलेत. मग एक डीपी, म्हणजे विजेचा तो मोठा डबा, त्याचं दार उघडं, वायरी बाहेर, त्याला वळसा घालायला रस्त्यावर उतरायचं. मग परत चढायचं, तिथे फूटपाथची उंची माझ्या गुडघ्याला लागेल येवढी, म्हणजे सत्तरीच्या माणसाने चढायचंच नाही. मग दुचाकी चढू नयेत म्हणून लोखंडी खुंट रोवलेत, त्यातले दोन कोणीतरी काढलेत आणि दुचाक्या चढतातच, व्हीलचेअर मात्र जात नाही. मग चहाची टपरी आणि तिची गर्दी. मग भावी नगरसेवकांचा वाढदिवसाचा फ्लेक्स, बांबू फूटपाथमध्ये खड्डा करून रोवलेला, आणि फ्लेक्सवर दादांच्या मागे, हसू नका, मेट्रोचाच फोटो. या खुंटांबद्दल आणि डीपीबद्दल मी संबंधित ऑफिसात तक्रार टाकली होती. उत्तर आलं, सदर भाग आमच्या अखत्यारीत येत नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. कोणाच्या अखत्यारीत येतो ते विचारायला दुसरी तक्रार करायची असते बहुतेक.

आईला एकदा मंडईला घेऊन गेले होते, भूमिगत मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यावर. तिचं लग्नाआधीचं सगळं आयुष्य पेठेत गेलं, लग्नानंतर कोथरूड. मंडईच्या खालून आगगाडी जाते हे तिला पटेचना. पटण्यासारखं नाहीच ते, वर येवढे जुने वाडे, येवढी गर्दी, आणि खालून मुठा, मुळा आणि पवना अशी नावं दिलेल्या यंत्रांनी बोगदा पाडला, तो पुढे नदीच्या पात्राखालूनही जातो. इंजिनियरांना इथे माझ्याकडून शंभर पैकी शंभर. सप्टेंबर २०२४ मध्ये सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक आख्खाच्या आख्खा खड्ड्यात गेला तेव्हा अर्ध्या पुण्याने मेट्रोवर खापर फोडून टाकलं होतं, तिथे जुनी विहीर होती असं पुढे आलं. तर आई. आत जाताना हात धरून जिन्यावर चढली, गाडीत कौतुकाने इकडेतिकडे बघितलं, मंडईला वर आली आणि रस्ता ओलांडायला जी उभी राहिली ती राहिलीच. एक रिक्षा, एक टेम्पो, उलट्या बाजूने येणारे तीन डिलिव्हरीवाले, परत रिक्षा. "अगं खालीच बरं होतं," म्हणाली. तुळशीबागेपर्यंतचं ते अंतर पाच मिनिटांचं असेल, पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण त्या सबंध प्रवासात फक्त तेवढ्यात दिसला.

स्वारगेटचं तर काय सांगू. खाली नवंकोरं स्टेशन, वर जेधे चौक, शेजारी एसटी स्टँड. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच स्टँडच्या आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये पहाटे एका तरुणीवर अत्याचार झाला, पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर होती. त्यानंतर काही दिवस मंत्री आले, पाहण्या झाल्या, सुरक्षारक्षक बदलले, जुन्या भंगार बस हलवल्या. मेट्रोच्या आत एक बाई बॅग विसरली तर कॅमेऱ्यात शोधून देतात आणि रस्ता ओलांडला की कोपऱ्यात अंधारात उभ्या असलेल्या बसमध्ये कोण आहे हे कोणाला माहीत नसतं. एकच शहर आहे हे, प्रवासी पण एकच. तो अर्धा प्रवास करून थांबत नाही. शिवाजीनगरचं तर आणखीच वेगळं, तिथलं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ संपता संपता वाकडेवाडीला हलवलं. भूमिगत मेट्रो स्टेशन झालं, त्यातून गाड्या धावायला लागून वर्षं झाली, आणि गावाहून आलेला माणूस अजून वाकडेवाडीला उतरून बॅगा घेऊन रिक्षा शोधतोय.

हे असं का होतं याचं माझं एक मत आहे आणि ते राजकारणाचंय, ज्यांना नको असेल त्यांनी सोडून पुढे वाचा. मेट्रोचं उद्घाटन करता येतं, उड्डाणपुलाचं करता येतं. झेब्रा क्रॉसिंगचं कोण करणार?

तारखाच बघा ना. भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६, महापालिका निवडणूक फेब्रुवारी २०१७. पहिले दोन तुकडे सुरू झाले ६ मार्च २०२२ ला, पिंपरी ते फुगेवाडी आणि वनाझ ते गरवारे, दोन्ही मिळून १२ किलोमीटर, एकमेकांना कुठेही न जोडलेले, आणि नगरसेवकांची मुदत संपत होती पुढच्याच आठवड्यात. त्याआधी जानेवारीत शरद पवारांनी मेट्रोतून चाचणीचा प्रवास केला तर चंद्रकांत पाटील नाराज, घाई काय आहे, आमदार-खासदारांना का नाही बोलावलं. मग २६ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतच्या मार्गाचं उद्घाटन ठरलं, पाऊस कोसळला, पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला, तयार मार्ग बंदच, विरोधकांनी सिव्हिल कोर्टला आंदोलन केलं की आम्हीच सुरू करतो, शेवटी २९ ला ऑनलाइन उद्घाटन. तीन दिवस रिकामी स्टेशनं झेंडूच्या माळा घालून वाट बघत होती. यात कुठलाच पक्ष सुटत नाही, ज्याच्या हातात कात्री त्याचा फोटो.

आणि मधल्या काळात काय पाडलं तेही बघा. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडले कारण हिंजवडी मेट्रोला आडवे येत होते, धड पंधरा वर्षंही वापरले नव्हते. बीआरटीचा, म्हणजे बसला वेगळी लेन द्यायचा, पहिला प्रयोग देशात पुण्यात झाला, २००६ ला, कात्रज-स्वारगेट-हडपसर, आणि नगर रोडची बीआरटी २०२३ मध्ये उखडून टाकली. का, तर गाड्यांना जागा पाहिजे. बसला दिलेली लेन काढून कारला द्यायची आणि मग लोक बसने का जात नाहीत म्हणून चर्चासत्र घ्यायचं. नळ स्टॉपचा दुमजली पूल झाला, वर मेट्रो, मध्ये पूल, खाली रस्ता, आणि पूल जिथे उतरतो तिथे आता गाड्या अडकतात, म्हणजे कोंडी चारशे मीटर पुढे सरकवली येवढंच. पीएमपीचं किमान तिकीट जून २०२५ ला पाचचं दहा झालं, दिवसाचा पास चाळीसचा सत्तर, महिन्याचा नऊशेचा दीड हजार. या बसनेच लोक मेट्रोपर्यंत येणार आहेत ना? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी वारज्याहून येतात, त्यांनी पास काढायचं सोडून दिलं, आता मुलगा गाडीवर सोडतो, हेल्मेट एकालाच.

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. नगरसेवक असताना फूटपाथ छान होते असं माझं अजिबात म्हणणं नाही, दरवर्षी तेच ब्लॉक काढून तेच ब्लॉक बसवायचा धंदा आपण सगळ्यांनी बघितलाय, पण निदान शिव्या घालायला एक पत्ता होता. १५ जानेवारी २०२६ ला एकदाचं मतदान झालं. प्रचारात दोन्ही राष्ट्रवादींनी मिळून मेट्रो आणि पीएमपी फुकट करायचं आश्वासन दिलं, दुसऱ्या बाजूने त्याची खिल्ली उडवली, चार दिवस टीव्हीला खाद्य. अहो मला फुकट नकोय. मेट्रोचं भाडं मला परवडतं. रिक्षाचे साठ आणि तो गुडघाभर फूटपाथ याबद्दल कोणाच्या जाहीरनाम्यात काय होतं ते मी शोधलं, "जागतिक दर्जाचे पदपथ" असं लिहिलेलं सापडलं, जागतिक नको हो, कोथरूडच्या दर्जाचे द्या.

गणेशोत्सवाचं सांगायचं राहिलं, आणि तिथे मेट्रोला मानलं. २०२१ मध्ये लकडी पुलावरून मेट्रोचा पूल जातोय म्हणून विसर्जनाचे रथ अडतील, उंची वाढवा, यावरून मंडळांनी काम थांबवायला लावलं होतं, केवढा गदारोळ. २०२५ च्या गणपतीत तीच मंडळं बघायला आलेली लाखो माणसं मंडई आणि कसबा स्टेशनमधून वर येत होती आणि अनंत चतुर्दशीला मेट्रो सलग ४१ तास चालवली. गर्दी भयानक होती, पण स्टेशनात शिट्ट्या मारत, दोऱ्या बांधून लोक सोडत होते, धक्काबुक्की फारशी नाही. पिंपरीची माझी मामेबहीण तिच्या दोन पोरांना घेऊन दगडूशेठला येऊन रात्री परत गेली, यापूर्वी तिने ती हिंमत कधी केली नसती. म्हणजे मनात आणलं तर करता येतं सगळं.

बारीकसारीक. भोसरी नावाने सुरू झालेलं स्टेशन भोसरीत नाहीये, नाशिक फाट्याला आहे, पाव्हण्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर ते उतरून भोसरी कुठाय विचारत बसतील. शेवटच्या गाड्या अकराच्या आसपास, त्यामुळे सिनेमाचा शेवटचा शो बघून मेट्रोने यायचं विसरा. कागदावर आता खूप काही मंजूर आहे, स्वारगेट-कात्रज, वनाझ-चांदणी चौक, रामवाडी-वाघोली, खराडी-खडकवासला, शिवाय बांधायला घेतलेली हिंजवडीची तिसरी लाइन जिची मुदत मार्च २०२५ होती. नकाशा बघितला तर ऊर भरून येतो, त्या नकाशावर स्टेशनं ठिपक्यांनी दाखवलीयेत आणि ठिपक्याच्या बाजूला रस्ता कसा ओलांडायचा ते नसतं.

तर स्टेशनच्या आत साडेचार, अर्धा तीन डब्यांबद्दल कापला. बाहेर दीड, त्यातला एक त्या ट्रॅफिक वॉर्डनचा जो सकाळी आमच्या चौकात शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं हात धरून पलीकडे नेतो. मंडईला भाजी आणायला जाणार असाल तर रविवारी सकाळी नऊच्या आत जा, तिकिटाला सूट मिळते, भाजी ताजी असते आणि दहानंतर सरकत्या जिन्यावर पिशव्यांची जी गर्दी होते ती टळते. येताना कोथिंबिरीची जुडी वर ठेवा, बॅग मशीनमध्ये खाली गेली की चुरा होतो.